दिवस मावळायच्या आत

राजमती गेल्याचं मला तिच्या मुलानं शाळेत येऊन सांगितलं. सातवीचा भूगोलाचा तास चालला होता. शिपाई म्हणाला, सांगलीकडचे कुणी पाहुणे आलेत. बाहेर आले तर टोपी हातात धरून एक तरुण उभा. डोळे थेट राजमतीचे. तो तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. "मावशी, आई परवा गेली," तो म्हणाला. पोटाचं दुखणं होतं, बरेच महिने अंगावर काढलं होतं, आणि कुणाला कळवायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. मी त्याला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, पुढच्या गाडीची वेळ विचारली आणि वर्गावर परत गेले. महाराष्ट्रातल्या नद्या शिकवायच्या राहिल्या होत्या, त्या पुऱ्या केल्या. संध्याकाळी घरी परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं, आणि तसंच ठेवून उठले. त्या दिवशी जेवले नाही. माझ्या हातून एवढंच झालं. त्याला आता काही आठवडे झाले… आणि तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असं वाटतं, कारण ती वर्तमानपत्रात यावी असं तिच्या आयुष्यात बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेलं दिसणार नाही.

आमची गाठ पडली ती लढाईच्या वर्षांत, सांगलीच्या कॉलेजात. मी औंधाजवळच्या एका गावची. वडील फौजेत सुभेदार, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे मी सातारच्या वसतिगृहात वाढले. ताटात येईल ते खायचं आणि घंटा झाली की उठायचं, एवढाच माझा अन्नाशी संबंध. राजमती कुंडलकडच्या एका जैन शेतकऱ्याची मुलगी. घरी ऊस, हळद, दुभती म्हसरं, आणि स्वयंपाकघरात आई, काकवा, आज्या. तिथं लेकींनी चुलीपुढं बसायचं नाही असा रिवाज होता. सासरी गेल्यावर जन्मभर बसायचंच आहे, माहेरी कशाला? म्हणून तिलाही काही येत नव्हतं. ती सायन्सला, मी आर्ट्‌सला. मुलींच्या वसतिगृहातली खानावळ मला परवडेना, कारण लढाईवरून येणारी वडिलांची मनीऑर्डर कधी यायची, कधी दोन-दोन महिने यायची नाही. तिला खानावळ परवडत होती, पण तिथं कांदा-लसूण, आणि रात्री दिवे लागल्यावर जेवण. तिचं त्यात जमणं शक्य नव्हतं. विश्रामबागेच्या वाटेवर एका निवृत्त ओव्हरसियरच्या बंगल्यामागं एक खोली होती, पुढं पडवी आणि पलीकडं विहीर. ती आम्ही दोघींनी मिळून घेतली.

तिचे वडील, आप्पा, तिला सोडायला आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं. उंच, सावळे, कमी बोलणारे. गावच्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी स्वामींपुढं नेम घेतला होता, की आपल्या घरच्या चुलीवरचं सोडून दुसरीकडचं अन्न घ्यायचं नाही. सांगलीला गूळ घेऊन आले तरी घरून बांधून आणलेलं खायचे, नाहीतर उपाशी परत जायचे. घरात मुलीच्या कॉलेजला सगळ्यांचा विरोध होता. आप्पांनी तो एका अटीवर मोडून काढला होता, आणि ती अट पडवीत उभं राहून त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा सांगितली. "आपल्या हातानं करून खायाचं. दिवस मावळायच्या आत खायाचं. हे दोन जमलं तर शीक. न जमलं तर मी गाडी घेऊन येतो." राजमतीनं मान हलवली. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "इंदे, मला साधा भातबी येत न्हाई गं." मी म्हटलं, "मलाही नाही." आणि आम्ही दोघी खूप हसलो. आता लिहिताना कळतं, की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिचं सगळं कॉलेज त्या चुलीवर टांगलेलं होतं.

काय घालायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-मुळा-गाजर जमिनीखालचं काही नाही, वांगं नाही. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायचं, आणि फडक्यात जे राहील ते पुन्हा त्याच विहिरीत हळूच सोडायचं, म्हणजे त्यातला जीव आपल्या घरी परत जातो. जळणाचं लाकूड आधी जमिनीवर आपटायचं, मुंगी-किडा असला तर पळून जावा म्हणून. मी म्हणायचे, "अगं, पण करायचं काय ते सांग की!" त्यावर तिचं उत्तर, "ते काकी करत हुत्या. मी नुसती खात हुते." रॉकेल रेशनवर, कोळसा महाग, म्हणून पडवीत तीन दगडांची चूल मांडली. ज्वारी तिच्या घरून यायची, अडत्याकडं येणाऱ्या गुळाच्या गाडीतून. पहिल्या भाकरीचे परातीतच चार तुकडे झाले. दुसरी तव्यापर्यंत पोचली आणि तिथं फाटली. राजमतीनं परातीकडं बघून, पक्की सायन्सची असल्यागत, विचार केला आणि म्हणाली, "पीठ जुनं हाय, त्याची चिकटाई गेली. कडक पाणी घालून बघू." आधणाचं पाणी घातलं आणि भाकरी एकसंध निघाली. जाड, एका बाजूला कच्ची, पण भाकरी. त्या दिवशी आम्ही ती मीठ-तेलाशी खाल्ली, आणि दोघींनी एकमेकींना न सांगता आणखी एक-एक घेतली.

मी तिच्यापेक्षा धीट होते आणि अर्थातच त्यातून चुका जास्त करायचे. महिनाअखेर होती, भाजीला काही नव्हतं, शेजारून आंबट ताक मिळालं होतं. आमच्या वसतिगृहातल्या आचारीणबाई ताकातलं पिठलं करत, तेवढं मी लक्ष देऊन पाहिलं होतं. मी ताकात डाळीचं पीठ कालवलं, मोहरी-मिरचीची फोडणी दिली, रटरट शिजवलं. वास असा सुटला की मीच माझ्यावर खूश. राजमती कॉलेजातून आली, पातेल्यात डोकावली आणि खाली बसली. "ताकात केलंस?" "ताकात. का?" "कच्च्या ताकात डाळीचं पीठ कालवलं तर आमच्यात द्विदल म्हणत्यात. न्हाई चालत." "आता सांगतेस?" "तू इचारलंस कवा? सुभेदाराची लेक तू, हुकूम सुटल्यागत कालवलंस." ते पिठलं मी एकटीनं दोन दिवस खाल्लं. ती समोर बसून गूळभाकरी खायची आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "कसं लागतंय, सुभेदार?" तेव्हापासून मी तिची सुभेदार झाले. हळूहळू दोघींचा हात बसला. बाजार उठताना जायचं, म्हणजे घेवडा-दोडका स्वस्तात मिळतो. हरभऱ्याची डाळ रात्री भिजवून ठेवली तर सकाळी जळण कमी लागतं. एका चुलीवर एकाच वेळी खाली भात शिजतो आणि वरच्या झाकणीवर भाजी गरम राहते. कॉलेज, अभ्यास आणि चूल यांच्यात आमचा दिवस इतका गच्च असायचा की तव्यावर भाकरी टाकून मी नाटकातले उतारे पाठ करायचे आणि राजमती भात शिजेपर्यंत संज्ञा घोकायची.

अडचण आली ती दुसऱ्या वर्षी. तिची प्रॅक्टिकल्स दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालायची. थंडीचे दिवस, साडेपाचला उन्हं झाडांच्या शेंड्यावर. ती धावत खोलीवर येऊन चूल पेटवीपर्यंत अंधार व्हायचा. मग ती पाणीसुद्धा घ्यायची नाही, तशीच अभ्यासाला बसायची, आणि सकाळी कॉलेजला उशीर म्हणून पुन्हा अर्धीमुर्धी भाकरी. मी बघत होते. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. "लवकर सुटायचं विचार ना सरांना," मी म्हटलं. "इचारलं. म्हणाले, ज्यांना घरचं बघायचंय त्यांनी घरीच राहावं." मग मीच ठरवलं. माझे तास दुपारी संपत. मी तिच्या पद्धतीनं, पाणी गाळून, जळण आपटून, तिच्या भांड्यांत स्वयंपाक करायचा, डबा घेऊन कॉलेजात जायचं, आणि मधल्या सुट्टीत तिनं मागच्या झाडाखाली खाऊन घ्यायचं. आप्पांच्या दुसऱ्या अटीत ते बसत होतं, पहिल्या अटीत नाही. आपल्या हातचं ते नव्हतं, आणि वर मी मराठ्याची, सुट्टीत घरी मटण खाणारी. शेवटी म्हणाली, "शिकायचं असंल तर खाल्लं पायजे. कर तू." त्या दिवसापासून मी खरा स्वयंपाक शिकले. स्वतःसाठी करताना माणूस काहीही चालवून घेतं. दुसऱ्याच्या नेमाचं करायचं म्हणजे हात जपून चालतो.

असाच एक प्रॅक्टिकलचा दिवस होता. मी पडवीत भाकरी थापत होते, आणि फाटकातून आप्पा आत आले. खांद्यावर ज्वारीची पिशवी, हातात गुळाची ढेप. माझा हात परातीतच राहिला. त्यांनी ओझं खाली ठेवलं, चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "राजमती कुठं हाय?" "प्रॅक्टिकलला." "मग ही भाकर कुनाची?" "तिची." "आन् ती काय करती?" "शिकती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग त्यांनी चुलीशेजारचं एक लाकूड उचलून उलटंसुलटं पाहिलं, घागरीच्या तोंडाला बांधलेलं फडकं बोटानं चाचपलं, फडक्याचं पाणी कुठं जातं ते विचारलं. मी विहिरीकडं बोट केलं. मी डबा बांधला आणि सांगितलं, "आप्पा, उन्हं उतरली. मला निघायला पाहिजे, नाहीतर ती उपाशी राहील." ते माझ्यामागून चालायला लागले. माझ्या डोक्यात एकच होतं, ते गाडी घेऊन आलेत.

राजमती लॅबोरेटरीतून पदर खोचलेली बाहेर आली, सवयीनं आधी सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग माझ्यामागं. जागीच उभी राहिली. आप्पा म्हणाले, "बस. जेव आधी." ती झाडाखाली बसली. तिनं डबा उघडला, पण घास काही तोडेना. तिची बोटं ॲसिडनं पिवळी पडलेली होती. आप्पांनी ती पाहिली. "हळद शिजवून आलीयास काय गं?" "न्हाई, ॲसिडचं डाग हायती." "दुखतंय?" "न्हाई." मग त्यांनी विचारलं, "रोज हिच्या हातचं खातीस?" "परॅक्टिकल असंल त्या दिशी." "मला का सांगितलं न्हाईस?" राजमतीनं मान वर केली. "सांगितलं असतं तर तुमी न्हेलं असतं." आप्पांनी त्यावर विचार केल्यासारखं केलं. "व्हय," ते म्हणाले. "न्हेलं असतं." उन्हं आता पार भिंतीवर चढली होती. मी उगाच डब्याच्या फडक्याच्या घड्या घालत होते. आणि आप्पा खाली बसले, मुलीच्या समोर, मातीत. "अजून दिवस हाय. मला बी दे भाकर." राजमती म्हणाली, "आप्पा, तुमचा नेम…" "दे म्हनतो न्हवं?" त्यांनी अर्धी भाकरी घेतली, घेवड्याची भाजी वर ठेवली आणि सावकाश खाल्ली. "मीठ कमी हाय," माझ्याकडं न बघता म्हणाले. उठताना राजमतीला एवढंच सांगितलं, "घरात बोलू नगंस." आप्पांनी नेम भुकेपोटी मोडला असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोरीच्या ताटातलं पाप आपणही खाल्लं, की मग तिला त्याबद्दल घरी न्यायला आपलं तोंड राहत नाही… तेवढ्यासाठी ते बसले होते.

पुढं दीड वर्ष सुरळीत गेलं. तिचे मार्क वर्गात सगळ्यात वरचे. शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी सुट्टीत आप्पा हळदीच्या कामात असताना अचानक गेले. छातीत कळ आली एवढंच कळलं. राजमती परत आली नाही. मी थोडे दिवस वाट पाहिली आणि तिच्या गावी गेले. घराचा कारभार आता तिच्या चुलत्यांकडं, तात्यांकडं आला होता. त्यांनी मला सोप्यात बसवलं, दूध-गूळ दिला, माझ्या वडिलांची ख्यालीखुशाली विचारली. तात्या वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते म्हणाले, "पोरी, तिच्या बानं तिला एक अट घातली हुती. ती पाळली असंल तर मी आडवा येत न्हाई. एक वरीस राहिलंय, शिकू दे. तू तिच्यासंगं राहिलीस. सांग, तिनं आपल्या हातचंच खाल्लं?" माणसं जमली होती. बस्तीतले दोघे-तिघे म्हातारे होते, दारामागं बायका. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं आणि गरजही नव्हती, कारण खरं आमच्याच बाजूचं होतं. मी म्हटलं, "तात्या, आप्पांना सगळं ठाऊक होतं. ते स्वतः एकदा—"

"आप्पांना ठाऊक न्हवतं." दारातून राजमती बाहेर आली होती. साधं लुगडं, डोळे सुजलेले, आवाज अगदी सरळ. "मी अट पाळली न्हाई. इंदूच्या हातचं खाल्लं. आप्पांपास्नं चोरून खाल्लं." मी तिच्याकडं बघितलं, आणि तिनं मला डोळ्यांनी असं गप्प केलं की माझं वाक्य आजतागायत अर्धंच आहे. तात्या म्हणाले, "मग पुरं झालं शिक्षान." त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. मला वाटेला लावायला ती मळ्याच्या बांधापर्यंत आली. मी रागानं फणफणत होते. "एक शब्द मला बोलू दिला असतास तर तू सोमवारी कॉलेजात असतीस!" "आन् गावानं आप्पांच्या नावानं काय म्हटलं असतं? नेम मोडला, तोबी चोरून, असंच न्हवं?" ती म्हणाली. "मेलेल्या मानसाला उत्तर देता येत न्हाई, सुभेदार. मला येतं."

त्याच वर्षी तिचं लग्न झालं. सांगलीच्या बाजूलाच, व्यापाऱ्यांचं मोठं घर, पंगतीला कधी वीस तर कधी तीस पानं. मी बी.ए. झाले, मग बी.टी., मग साताऱ्यात शाळेत लागले. लग्न केलं नाही, आणि आता दोन वेळा भात-भाकरीशिवाय फारसं काही शिजवत नाही. तिच्याकडं मी वर्षा-दोन वर्षांनी जायचे. ती चुलीपुढूनच हाक मारायची, "या सुभेदार!" आणि हात न थांबवता बोलायची. जावांना सांगत असायची, दुधीत सोडा टाकला की रंग का टिकतो, चिंचेनं तांबं का उजळतं. जावा हसायच्या, म्हणायच्या, "आमच्या वैनीची शाळा सुरू झाली." मी एकदा न राहवून विचारलं, वाईट वाटतं का म्हणून. ती भाकरी उलटत म्हणाली, "कालेजात ऱ्हायचं म्हणून चूल शिकले. कालेज गेलं, चूल राहिली. वाईट कुनाचं वाटून घेऊ?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन आले. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. सून स्वयंपाकघरात संध्याकाळच्या घाईत होती, म्हणून मी तिथंच पाटावर बसले. आमटीला फोडणी देताना तिनं फडताळाच्या वरच्या फळीवरून काहीतरी काढलं, बोटानं टिचकी मारून चिमूटभर हिंग तेलात टाकला आणि ते मला दाखवलं. "आत्याबाईंची हिंगाची नळी. आमाला कदी हात लावू द्यायच्या न्हाईत. कालेजातनं चोरून आणली म्हणायच्या आन् एकट्याच हसत बसायच्या. खरं असंल व्हय, मावशी?"

ती परीक्षानळी होती. काचेची, तोंडाला कापडाचा बोळा. शिक्षण सुटल्यावर चुलतभावाबरोबर ती सांगलीला वळकटी आणि भांडी न्यायला आली, तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर ओव्हरसियरबाईंनी सांगितलं होतं, की गाडी जुंपून ठेवून ती जरा लॅबोरेटरीपर्यंत जाऊन आली. मुंगीचा जीव जाऊ नये म्हणून जळण आपटणारी, विहिरीचं पाणी विहिरीला परत करणारी बाई. तिच्या घरात चोरी म्हणजे केवढं पाप ते मला ठाऊक आहे. मी सुनेला म्हटलं, "खरं असेल."

नळी हातात घेऊन उजेडाला धरली. आत बुडाशी, जळून काचेला धरलेला एक निळसर काळा डाग होता, कुठल्याशा प्रयोगातला. राजमती डाग राहिलेलं भांडं कधी फडताळात जाऊ देत नसे. राखेनं, चिंचेनं, नाहीतर नारळाच्या शेंडीनं घासून काढायचीच. त्या घरातली सगळी भांडी आजही लखलखीत आहेत. एवढा एक डाग मात्र तिनं इतकी वर्षं राहू दिला होता.